प्राश्निक आणि प्रेक्षक : दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा आणि घरातील समीक्षा

बीजशब्द : गायनस्पर्धा, प्रेक्षक, प्राश्निक, गायकदोष, वन्स मोअर, बालस्पर्धक, आस्वाद

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी घरांतील गाणे ऐकण्याच्या सवयीत एक महत्त्वाचा बदल घडून आला. त्यापूर्वी आकाशवाणी, ध्वनिफीत किंवा गणेशोत्सवातील कार्यक्रम यांतून येणारे गाणे हे ऐकण्यासाठी असे. ते आवडे किंवा आवडत नसे, परंतु ऐकणाऱ्याने लगेच निकाल द्यावा अशी अपेक्षा नसे. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी ही स्थिती बदलली. गाणे संपण्यापूर्वीच ‘सूर उतरला’, ‘पट्टी चढी घेतली’, ‘शब्द खाल्ले’ अशी शेरेबाजी घराघरांत होऊ लागली. ज्यांनी कधी तंबोऱ्याची खुंटी पिळली नाही, असेही लोक अधिकाराने गुण देऊ लागले.

या घरगुती समीक्षेकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन प्रचलित आहेत. संगीतातील जाणकार तिला अर्धवट ज्ञानाची बडबड समजतात, तर वाहिन्या तिला लोकशाहीचा आविष्कार म्हणून मिरवतात. हे दोन्ही दृष्टिकोन अपुरे आहेत. घरातील प्रेक्षकाला दोष हेरता येतो, हे नाकारता येत नाही. परंतु हेरलेला दोष गाण्याचा आहे की गाणाऱ्याचा, हा भेद त्याच्या हातून निसटत चालला आहे. प्रस्तुत लेखात या निसटण्याची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला असून, त्यासाठी मराठी श्रोत्याची पूर्वपरंपरा, प्राचीन शास्त्रग्रंथांतील परीक्षणविचार आणि स्पर्धेची प्रत्यक्ष रचना या तीन अंगांनी विचार केला आहे.

स्पर्धेचा प्रवास : गुणदानाकडून मतदानाकडे

भारतीय दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेचा आजचा साचा प्रामुख्याने १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘सा रे ग म’ या कार्यक्रमाने घडवला. सोनू निगम हे त्याचे आरंभीचे निवेदक होते. नौशाद, खय्याम, कल्याणजी यांच्यासारखे ज्येष्ठ संगीतकार परीक्षकांच्या आसनावर बसत. निर्णय गुणांवर होई आणि गुण परीक्षक देत. दूरदर्शनवरील ‘मेरी आवाज सुनो’ या १९९६ च्या स्पर्धेतून सुनिधी चौहान पुढे आल्या. या टप्प्यावर घरातील प्रेक्षकाचे मत घरातच राहत असे. निकालावर त्याचा काही परिणाम होत नव्हता.

पुढे परदेशातून आणखी एक साचा आला. ब्रिटनमध्ये २००१ साली ‘पॉप आयडॉल’ आणि अमेरिकेत २००२ साली ‘अमेरिकन आयडॉल’ सुरू झाले. त्यांच्या धर्तीवर २००४ साली ‘इंडियन आयडॉल’ भारतात आले आणि त्याचे पहिले विजेतेपद २००५ मध्ये मुंबईच्या अभिजीत सावंत यांना मिळाले. मोबाईलवरून लघुसंदेशाद्वारे मत देण्याची सोय झाली आणि प्रेक्षकाचे बोलणे निकालाचा भाग बनले. ‘सा रे ग म प’नेही २००५ च्या पर्वापासून जनमताचा मार्ग स्वीकारला. घरातल्या शेऱ्याला आता मोल आले, म्हणजे शब्दशः किंमत आली. प्रत्येक संदेशामागे प्रेक्षकाच्या खिशातून पैसे जात आणि ते वाहिनी व मोबाईल कंपन्या यांच्यात वाटले जात.

मराठीत झी मराठी वाहिनीवरील ‘सा रे ग म प’ने हाच साचा घरोघरी नेला. त्यातील २००८-०९ चे ‘लिटिल चॅम्प्स’ हे पर्व तर मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एक सार्वजनिक घटनाच ठरले. पल्लवी जोशी यांचे निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचे परीक्षण आणि अंतिम फेरीत पोहोचलेली कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुले, म्हणजेच ‘पंचरत्न’, हे सर्व आजही प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड विजेती ठरली.

या पर्वाचे श्रेय मोकळेपणाने मान्य करावयास हवे. नाट्यपदे, अभंग, भावगीते आणि लोकगीते ज्या पिढीच्या कानांवरून गेलीच नव्हती, तिच्यापर्यंत ती पोहोचली. आळंदी, लातूर, अलिबाग, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवली अशा ठिकाणांहून आलेली मुले महाराष्ट्राला ठाऊक झाली. पुण्या-मुंबईतील संगीतसभांच्या बाहेरही गळा असतो, ही गोष्ट नव्याने सिद्ध झाली. विदर्भातील वैशाली माडे यांनी मराठी स्पर्धेनंतर हिंदी ‘सा रे ग म प’चेही २००९ चे पर्व जिंकले, तेव्हा या दालनातून पुढे वाट जाते हेही दिसून आले.

मराठी श्रोत्याची पूर्वपरंपरा

घरातील प्रेक्षक एकाएकी समीक्षक झाला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मराठी श्रोता फार पूर्वीपासून मत देणारा श्रोता आहे. संगीत रंगभूमीवरील ‘वन्स मोअर’ ही त्याची सर्वांत ठळक खूण होय. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’पासून ‘संगीत मानापमान’पर्यंत आणि पुढेही, प्रेक्षागृहातील सामान्य माणूस आवडलेले पद पुन्हा म्हणावयास लावत असे. नाटकाची वेळ लांबे, कथानक थांबे, तरी ही मागणी मान्य केली जाई. गावोगावच्या भजनी मंडळांच्या चढाओढींतही ऐकणारा गप्प बसणारा नव्हता.

दुसरी परंपरा परीक्षेची आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या परीक्षापद्धतीने ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या पायऱ्या घालून दिल्या. महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांत एखादी तरी व्यक्ती प्रवेशिका किंवा मध्यमा झालेली आढळते. दूरचित्रवाणीसमोर ‘कोमल निषाद लागला नाही’ असे म्हणणारी आजी पुष्कळदा याच पायऱ्यांवरून गेलेली असते.

तिसरी परंपरा लिखित समीक्षेची आहे. केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, अशोक दा. रानडे यांच्या लेखनाने गाण्याविषयी मराठीत नेमके बोलता येते, हे दाखवून दिले. वामनरावांच्या ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथाने गायकाच्या गुणावगुणांचा विचार घराण्याच्या सौंदर्यदृष्टीच्या संदर्भात केला. अमुक गायक ताना कमी घेतो हा त्याचा दोष, की त्याच्या गायकीची ती निवड, असा प्रश्न विचारण्याची शिस्त या लेखनाने लावली.

या तीन परंपरांची स्पर्धेशी तुलना केली असता एक फरक स्पष्ट होतो. ‘वन्स मोअर’ हा निवाडाच असतो, परंतु त्या निवाड्याने गाणे वाढते. परीक्षेत एकाला मिळालेल्या गुणांमुळे दुसरा अनुत्तीर्ण होत नाही. समीक्षेत एका गायकाचे वेगळेपण सांगितल्याने दुसऱ्याला रंगमंच सोडावा लागत नाही. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत मात्र प्रत्येक आठवड्याच्या मताचा शेवट कोणाच्या तरी जाण्यात होतो. जुना श्रोता ‘पुन्हा म्हणा’ असे म्हणत होता. नव्या प्रेक्षकाला ‘आता कोण जाणार’ हे विचारावयास शिकवले गेले. मत देण्याची सवय जुनीच राहिली, परंतु मताचे फळ बदलले.

शास्त्रग्रंथांतील परीक्षणविचार

कलाप्रयोगाचे परीक्षण कोणी व कसे करावे, हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांना नवा नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात सिद्धीचा, म्हणजे प्रयोगाच्या यशाचा विचार आला आहे. तेथे ‘प्रेक्षक’ आणि ‘प्राश्निक’ अशा दोन भूमिका सांगितल्या आहेत. प्रेक्षक म्हणजे पात्राच्या आनंदाने आनंदित होणारा आणि त्याच्या शोकाने शोक करणारा. प्राश्निक म्हणजे वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देणारा परीक्षक. भरताने प्राश्निक एक नव्हे, दहा प्रकारचे सांगितले आहेत. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, चित्रकार, गंधर्व असे हे वेगवेगळ्या विषयांचे अधिकारी असून, प्रत्येकाने आपापल्या विषयापुरतेच बोलावयाचे आहे. स्वरांविषयी गंधर्वाने बोलावे, वेशभूषेविषयी चित्रकाराने. याच अध्यायात असेही सांगितले आहे की, कोणताही प्रयोग सर्वस्वी गुणहीन नसतो आणि सर्वस्वी दोषरहितही नसतो, म्हणून दोषांना अवाजवी महत्त्व देऊ नये.

दुसरा ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीशी थेट जोडलेला आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायात गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, भीत भीत गाणारा तो भीत, ज्याचा आवाज थरथरतो तो कंपित, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा तो काकी, ताल चुकणारा तो विताल, डोळे मिटून गाणारा तो निमीलक, ज्याचे शब्द कळत नाहीत तो अव्यक्त, नाकात गाणारा तो सानुनासिक, अशी ही यादी आहे.

या यादीतील नावे गायकाला दिली असली, तरी प्रत्येक दोष गाण्याच्या क्रियेत दिसणारा किंवा ऐकू येणारा आहे. तो दाखवून देता येतो आणि बहुतेक वेळा सुधारता येतो. गायकाचे कुळ, गाव, रूप किंवा त्याच्या घरची स्थिती यांना त्या यादीत स्थान नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी देवगिरीत आखली गेलेली ही मर्यादा आजच्या प्रेक्षकासमोर ठेवण्यासारखी आहे.

शार्ङ्गदेवाने गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक असे पाच प्रकारही सांगितले आहेत. दुसऱ्याच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करणारा तो अनुकार. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचा या वर्गीकरणाच्या आधारे विचार केला, तर ती प्राधान्याने अनुकाराची स्पर्धा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. स्पर्धक दुसऱ्याने गाऊन अजरामर केलेले गीत गातो आणि घरातील प्रेक्षक मूळ गीताची स्मृती हाच मापदंड मानतो.

घरातील समीक्षेची भाषा

घरातील प्रेक्षकाच्या शेऱ्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार नादाविषयीच्या शेऱ्यांचा. यात सूर, लय, श्वास, उच्चार यांविषयीची विधाने येतात. दुसरा प्रकार तुलनेचा असून त्यात मूळ गायिकेने किंवा गायकाने घेतलेली ‘जागा’ स्पर्धकाला घेता आली की नाही, हे पाहिले जाते. तिसरा प्रकार व्यक्तीविषयीचा. यात कपडे, हावभाव, आईवडील, गरिबी, गाव यांची चर्चा होते. चौथा प्रकार निकालाविषयीचा आहे. कोणाला मते पडतील, कोणाला मुद्दाम पुढे आणले जात आहे, यांविषयीचे तर्क त्यात येतात.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारांचे मूल्य कमी लेखता येत नाही. ‘जागा’ हा शब्दच पाहावा. गीतातील एखाद्या अक्षरावरील स्वरांचे नेमके वळण, जे अन्यत्र शोभणार नाही आणि तेथून काढले तर गीत उघडे पडेल, त्याला मराठी श्रोता ‘जागा’ म्हणतो. हा शब्द स्पर्धांमुळे बैठकीतून दिवाणखान्यात आला. त्याचबरोबर ‘हरकत’, ‘मुरकी’, ‘मींड’ हे शब्दही मुलांच्या तोंडी रुळले. ‘बेसूर’ आणि ‘कणसूर’ यांतील फरक शाळकरी मुलाला कळू लागला. स्वर सपशेल चुकणे वेगळे आणि स्वरस्थानाच्या अगदी जवळ जाऊनही किंचित खाली राहणे वेगळे, ही जाण कानाच्या शिक्षणातील मोठी पायरी आहे.

परंतु याच काळात दुसरी एक भाषाही वाढीस लागली. ‘तोडलंस’, ‘आग लावलीस’, ‘अंगावर काटा आला’ अशा उद्गारांत प्रशंसा आहे, पण तिला आशय नाही. गीतातील काय आवडले हे त्यातून कळत नाही. जुन्या बैठकीतील ‘वाहवा’लाही आशय नसे, हे खरे. तथापि ती नेमक्या समेवर किंवा नेमक्या जागेनंतर येई, त्यामुळे दाद कशाला मिळाली ते गायकाला आणि शेजारच्या श्रोत्याला आपोआप कळे. गाणे पूर्ण झाल्यानंतर, छायाचित्रक समोर असताना दिलेल्या उद्गाराला हा लाभ मिळत नाही. परिणामी प्रशंसेची भाषा फुगत गेली आणि दोषाची भाषा आखडत गेली.

या फुगवट्याचे एक उदाहरण सार्वजनिकरीत्या नोंदले गेले आहे. मे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वात किशोर कुमार यांच्या गीतांना वाहिलेल्या भागात अमित कुमार पाहुणे म्हणून आले होते. त्यानंतर आपल्याला सर्व स्पर्धकांची स्तुती करण्यास सांगण्यात आले होते आणि तो भाग आपल्याला रुचला नाही, असे त्यांनी प्रसारमाध्यमांना सांगितले. परीक्षणाच्या आसनावरून येणारे शब्द आधीच ठरलेले असतील, तर खरे परीक्षण करण्याची जबाबदारी घरातील प्रेक्षकावर येऊन पडते. तो ती पेलण्यास समर्थ आहे काय, हा पुढचा प्रश्न होय.

प्रेक्षकाला ऐकू येते ते काय?

न्याय करणाऱ्यासमोर पुरावा शुद्ध असावा लागतो. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकापुढे येणारा पुरावा अनेक हातांतून गेलेला असतो. गीत दोन-तीन मिनिटांत बसावे म्हणून एखादे कडवे गाळले जाते. संथ लयीचे गीत, ज्याचे सौंदर्य ठेहरावात आहे, ते या वेळेत उमलत नाही, तर तार सप्तकात चढणारे गीत लगेच पकड घेते. त्यामुळे वरच्या पट्टीत जाणे म्हणजेच चांगले गाणे, असा समज हळूहळू पक्का होतो. मंद्र सप्तकात भरदार गाणारा आवाज या मापात कमी भरतो.

ध्वनीवरील प्रक्रियेचा प्रश्न याहून गंभीर आहे. सूर दुरुस्त करणारे ‘ऑटोट्यून’ हे तंत्र १९९७ पासून उपलब्ध आहे. ब्रिटनमधील ‘द एक्स फॅक्टर’ या स्पर्धेच्या २०१० च्या पर्वात, चाचणी फेरीतील आवाजांवर असे संस्कार केल्याचे निर्मात्यांना मान्य करावे लागले होते. प्रत्येक कार्यक्रमात तसेच होते, असा याचा अर्थ नाही. परंतु प्रक्षेपित आवाज आणि रंगमंचावरील आवाज एकच असेल, असे गृहीत धरून ‘कणसूर’ शोधणाऱ्या प्रेक्षकाने ही शक्यता ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

यात दृश्याचाही वाटा असतो. गीत चालू असताना परीक्षकाचा हसरा चेहरा, आईचे पाणावलेले डोळे, दुसऱ्या स्पर्धकाची चलबिचल हे सारे मध्येच दाखवले जाते. कान निर्णयापर्यंत पोहोचण्याआधीच डोळ्याला निर्णय दिलेला असतो. शार्ङ्गदेवाने ज्याला ‘निमीलक’ म्हणून दोष मानले, ते मिटलेले डोळे पडद्यावर भावपूर्णतेची खूण ठरतात. ‘भीत’ या दोषाची स्थिती तर अधिकच विचित्र आहे. बाद होण्याचे भय स्पर्धेची रचनाच निर्माण करते, संगीताच्या ताणलेल्या ठेक्याने ते वाढवते आणि त्या भयाने आवाज कापला की तो स्पर्धकाचा दोष म्हणून मोजते.

गाण्यावरून गाणाऱ्यावर

गाण्यापूर्वी दाखवली जाणारी स्पर्धकाची चित्रफीत हा या साच्याचा अविभाज्य भाग झाला आहे. तीत घर दिसते, आईवडिलांचे कष्ट दिसतात, गावची शाळा दिसते. या माहितीने प्रेक्षकाच्या मनात ममत्व निर्माण होते, हे स्वाभाविक आहे. परंतु त्यानंतर दिलेला निवाडा गीतापुरता राहत नाही. स्पर्धक बाद झाला तर त्याचे गाव हरते आणि जिंकला तर जिल्हा जिंकतो.

हे किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’चे आहे. दार्जिलिंगचे प्रशांत तमांग आणि मेघालयाचे अमित पॉल अंतिम फेरीत आले, तेव्हा ईशान्येकडील आणि डोंगराळ भागांत मतदानाची मोहीम उभी राहिली. इतर वेळी मुख्य प्रवाहात ज्यांची दखल घेतली जात नाही, अशा समाजांना या स्पर्धेने अभिमानाचा क्षण दिला. तमांग विजयी झाल्यानंतर एका रेडिओ निवेदकाने त्यांच्या समाजाची टवाळी केली. सप्टेंबर २००७ अखेर सिलीगुडीत त्यावरून हिंसाचार उसळला आणि संचारबंदी लावावी लागली. त्या निवेदकाच्या शेऱ्यात सूर, लय किंवा उच्चार यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. समीक्षा गाणे सोडून गाणाऱ्याच्या वंशावर गेली, की तिचे काय होते, याचा हा धडा आहे.

मराठी घरांत असा टोकाचा प्रसंग घडला नाही, तरी प्रवृत्ती तीच आहे. २००९ च्या निकालानंतर ‘खरे तर कोणाला मिळावयास हवे होते’ हा वाद बराच काळ चालला. या वादातील एक गोष्ट क्वचितच कोणी लक्षात घेतली. ज्यांच्याविषयी एवढ्या तावातावाने बोलले जात होते, ती सर्व शाळकरी मुले होती. वयाने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या स्पर्धकात काही वर्षांचे अंतर होते, आणि त्या वयात ते अंतर फार मोठे असते. अभंग, नाट्यपद, भावगीत आणि पाश्चात्त्य ठेक्याचे गीत यांना एकाच तराजूत घालणे भरताच्या दहा प्राश्निकांनाही जड गेले असते.

बालस्पर्धकांच्या बाबतीत शरीरधर्माचाही विचार करावा लागतो. मुलाला कंठ फुटतो तेव्हा त्याचा आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो आणि काही काळ तो ताब्यात राहत नाही. मुलींच्याही आवाजात फरक पडतो, तो तुलनेने कमी असतो. म्हणजे बालवयात दिलेला कोणताही निवाडा तात्पुरताच असतो, कारण ज्या आवाजावर तो दिला, तो आवाजच पुढे राहणार नसतो. असे असताना ‘हा पुढचा महान गायक’ किंवा ‘हिला यापुढे काही जमणार नाही’ ही दोन्ही विधाने सारखीच निराधार ठरतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१०-११ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलांच्या सहभागाविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ती निर्मात्यांसाठी होती. प्रेक्षकाच्या जिभेसाठी अशी तत्त्वे कोणताही आयोग करू शकत नाही. ती संस्कारानेच यावी लागतात.

परीक्षित जेव्हा परीक्षक होतात

या विषयाच्या दृष्टीने २०२१ साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी झी मराठीवर ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा आले आणि २००९ च्या अंतिम फेरीतील पाचही जण या वेळी परीक्षकांच्या जागी बसले. ज्यांना कधी घराघरांतून गुण दिले गेले होते, तेच आता नव्या मुलांना ऐकत होते. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की, २००९ मधील क्रमांकाला पुढील वाटचालीत फारसा अर्थ उरला नाही. पाचही जण गात राहिले, प्रत्येकाने आपापली वाट शोधली आणि पाचही जणांना सारखाच अधिकार प्राप्त झाला. ज्या प्रश्नावर घरे दोन तटांत विभागली होती, तो प्रश्न बारा वर्षांनी निरर्थक ठरला.

दुसरी गोष्ट अशी की, परीक्षकाच्या अधिकाराचा एक स्रोत ‘त्या जागी आपण उभे होतो’ हा अनुभव असतो. भरताने प्राश्निकांत नर्तकाला आणि गंधर्वाला स्थान दिले, ते ज्ञानासाठी तर खरेच, परंतु प्रयोगाचे कष्ट त्यांनी सोसलेले असतात हेही त्यामागे असावे. घरातील प्रेक्षकाला हा अनुभव नसतो. त्याची भरपाई करण्याचा मार्गही भरतानेच सांगितला आहे. तो मार्ग म्हणजे प्राश्निक होण्यापूर्वी प्रेक्षक होणे, गाणाऱ्याच्या सुखदुःखाशी क्षणभर एकरूप होणे आणि मग दोषाकडे वळणे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी सामान्य मराठी श्रोत्याचा कान आणि संगीतविषयक शब्दसंग्रह निश्चितपणे समृद्ध केला आहे. घरातील समीक्षेला केवळ अज्ञान म्हणून झिडकारणे योग्य नाही.

२. मराठी श्रोत्याची मत देण्याची परंपरा जुनी आहे. तथापि ‘वन्स मोअर’चा निवाडा गाणे वाढवणारा होता, तर बाद करण्याच्या पद्धतीतील निवाडा गाणारा कमी करणारा आहे. समीक्षेच्या वृत्तीतील बदलाचे मूळ या रचनेत आहे.

३. ‘संगीतरत्नाकरा’तील गायकदोषांची यादी आजही उपयुक्त मर्यादा घालून देते. जो दोष गाण्यात दाखवता येतो, तेवढ्याविषयीच बोलावे. गाव, रूप, जात, गरिबी किंवा आईवडील हे समीक्षेचे विषय नव्हेत.

४. बालस्पर्धकांविषयीचा प्रत्येक निवाडा तात्पुरता आहे. त्यांच्याविषयी भाकिते करणे संगीतदृष्ट्या निराधार आणि माणुसकीच्या दृष्टीने अनुचित आहे.

५. महाविद्यालयीन युवा महोत्सव आणि शालेय गायनस्पर्धा यांत परीक्षकांनी केवळ क्रमांक जाहीर न करता प्रत्येक स्पर्धकाला एक गुण आणि एक सुधारता येण्याजोगा दोष लेखी द्यावा. समीक्षेचे वळण लावण्यासाठी हा साधा उपाय कोणत्याही संस्थेला खर्चाविना करता येईल.

गायनस्पर्धा यापुढेही होत राहतील आणि घरोघरी शेरेही मारले जातील. तो शेरा ऐकणाऱ्यांत कधी कधी त्या घरातलेच एखादे गाऊ पाहणारे मूल असते. पडद्यावरच्या अनोळखी मुलाविषयी मोठी माणसे काय बोलतात, यावरून ते आपण गावे की गप्प बसावे हे ठरवत असते. घरातील समीक्षेचा खरा निकाल तेथे लागतो.